फोटो खरा, सही कुणाची?

गर्दीचा कंटाळा म्हणून कवी टेनिसन इंग्लंडजवळच्या वाइट बेटावर जाऊन राहिला, तर तिथे शेजारी राहायला आल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. कोलकात्यात जन्मलेल्या या बाईंनी ४८व्या वर्षी कॅमेरा हाती घेतला आणि १८६५ मध्ये टेनिसनचा असा फोटो काढला, की त्यानेच त्या फोटोला ‘डर्टी मंक’, म्हणजे मळका साधू, असं नाव ठेवलं. फोटो चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर बाई थोरामोठ्यांच्या सह्या मागून घेत. सही असलेल्या प्रतीला जास्त भाव मिळे! लेखकांचे सहीचे फोटो जमवण्याच्या छंदात व्यवहार असा पहिल्यापासूनच आहे.

त्याआधी, १८५४ मध्ये, पॅरिसचा फोटोग्राफर दिस्देरी याने ‘कार्त द व्हिजित’चं, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाएवढ्या फोटोंचं, पेटंट घेतलं होतं. एकाच काचेवर बरेच फोटो निघत, म्हणून ते स्वस्त पडत. मग घरोघरच्या अल्बममध्ये नातेवाइकांशेजारी लेखकही येऊन बसले.

न्यूयॉर्कच्या नेपोलियन सरोनीने १८८२ मध्ये ऑस्कर वाइल्डचे वेगवेगळ्या ढंगांत फोटो काढले. त्यांतला एक एका छापखान्याने परवानगीशिवाय छापला, तोही ८५ हजार प्रतींत. सरोनीने केलेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १८८४ मध्ये निकाल लागला: फोटोचा कर्ता फोटोग्राफरच. वाइल्डसारख्या लेखकाच्या चेहऱ्यावर हक्क मात्र दुसऱ्याचा, हे गमतीचंच.

फोटोच्या प्रती हव्या तितक्या निघतात. खरी किंमत सहीची. आणि फसवणूकही तिथेच. पुष्कळ जुन्या कार्डांवर सही छापलेलीच असते. भिंगाखाली टाकाची रेघ कळते: दाब पडला तिथे जाड, उचलला तिथे बारीक, रेघा एकमेकींवरून गेल्या तिथे शाई दाट. छापील सहीत हा चढउतार शाईत उतरत नाही. अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकला, तर संशय घ्यावा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकदार रसायनं साधारण १९५० नंतरची. टेनिसन वारला १८९२ मध्ये.

हाताने केलेली नक्कल पकडणं जास्त अवघड. विसाव्या शतकात जोसेफ कोसी या अमेरिकन भामट्याने एडगर अॅलन पो, मार्क ट्वेन, लिंकन अशा कितीतरी जणांचं अक्षर हुबेहूब गिरवलं. जुना कागद आणि तपकिरी शाई वापरून तो जाणकारांनाही चकवी. आता त्याने केलेल्या नकला ‘अस्सल कोसी’ म्हणून जमवणारे संग्राहक आहेत.