नांगराचे डिझेल आणि युरियाची गोणी

शहागंजच्या बाजारात मका ग्राहकाला भेटतो तो कणसाच्या रूपात. मराठवाड्यातील सिल्लोड, कन्नड, फुलंब्री या तालुक्यांतील मक्याची वाट मात्र बहुतांशी कोंबडीखाद्य, स्टार्च आणि अलीकडे इथेनॉल यांच्याकडे वळते, आणि इथेनॉल हे स्वतःच इंधन असल्यामुळे त्यासाठीचा मका पिकवायला आधी किती इंधन जाळावे लागते, हा प्रश्न आता केवळ शेतकऱ्याच्या खिशापुरता उरलेला नाही.

पेरणीआधी जमीन तयार करण्याच्या कामांना पूर्वमशागत म्हणतात. तीत नांगरट, मोगडणी आणि मग रोटाव्हेटर किंवा वखराच्या पाळ्या येतात. 20 सेंटिमीटर खोल नांगरताना हेक्टरी सुमारे 2,500 टन माती हलते आणि डिझेल खर्ची पडते ते या ओझ्यापायी. शेतीतील ऊर्जा मेगाज्यूलमध्ये मोजतात, आणि एक लिटर डिझेलला वंगणासह 56.31 मेगाज्यूल धरण्याचा भारतीय अभ्यासकांचा प्रघात आहे. नांगरट आणि पाळ्या टाळून हेक्टरी 40 लिटर डिझेल वाचले असे गृहीत धरल्यास सुमारे 2,250 मेगाज्यूल वाचतात. परंतु एक किलो मक्यात 14.7 मेगाज्यूल धरले जात असल्याने उत्पादन दीड क्विंटलने जरी घटले, तरी ही जवळजवळ सारी बचत पुसली जाते.

खरी गंमत खतात आहे. एक किलो नत्र तयार करण्यास 60.6 मेगाज्यूल लागतात असे मानले जाते, म्हणजे हेक्टरी 120 किलो नत्र देणारा शेतकरी सुमारे 129 लिटर डिझेलइतकी ऊर्जा मातीत मिसळतो. युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीत 22 लिटर डिझेलची ऊर्जा दडलेली असते, पण अनुदानामुळे ती गोणी 266.50 रुपयांना मिळते आणि तेवढ्याच डिझेलला दोन हजारांच्या आसपास मोजावे लागतात. त्यामुळे ऊर्जेच्या हिशेबात दुय्यम असलेली मशागत पैशाच्या हिशेबात पुढे येते, त्यातही ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर अधिकच. 2025-26 साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला 2,400 रुपये असला, तरी बाजारात तो पदरी पडेलच असे नाही, टाळलेल्या पाळीचे भाडे मात्र हमखास वाचते.

नांगर न लावता पीक घेण्याच्या पद्धतीला शून्य मशागत म्हणतात. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात कायमचे गादीवाफे ठेवून आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू दिली जातात, आणि हे तंत्र पुढे इतर पिकांतही वापरले गेले. मराठवाड्याच्या काळ्या मातीला ही कल्पना मुळीच परकी नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते, वरची भुसभुशीत माती भेगांत ढासळते आणि पावसाने फुगून खालीवर होते, म्हणूनच मृदाशास्त्रज्ञांनी तिला ‘उलटणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून व्हर्टिसॉल असे नाव दिले. तथापि अशी माती ओली असताना अवजाराला चिकटते आणि कोरडी असताना दगडासारखी होते, त्यामुळे न नांगरलेल्या रानात टोकणीचा वाफसा अगदी थोड्या दिवसांचा असतो. तणांचा भार तणनाशकावर किंवा खुरपणीच्या मजुरीवर जातो, आणि मक्यावरील लष्करी अळीचे कोष उघडे पाडण्यासाठी उन्हाळी खोल नांगरट करण्याचा कृषितज्ज्ञांचा सल्लाही आड येतो.