नारायणगावच्या राहुट्या : उन्हाळ्यातील तमाशाची पेठ

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे मीना नदीकाठी आणि पुणे–नाशिक महामार्गावर वसलेले बाजारपेठेचे गाव टोमॅटो आणि द्राक्षांसाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच ते महाराष्ट्रभर ‘तमाशा पंढरी’ म्हणूनही ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे वेगवेगळ्या तमाशा फडांच्या राहुट्या, म्हणजे व्यवहारासाठी उभारलेली तात्पुरती कार्यालये, थाटली जातात आणि चैत्र-वैशाखातील जत्रांसाठी तमाशा ठरवायला आसपासच्या जिल्ह्यांतील यात्रा समित्यांची मंडळी तेथे येतात. तमाशातील लावणी, विनोद आणि वग यांची चर्चा अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. परंतु ही कला ज्या हंगामी व्यवहाराच्या आधारावर आजवर उभी राहिली, त्याची घडी समजून घेतल्याखेरीज तिचे वर्तमान आणि भवितव्य यांविषयी नेमके काही सांगता येत नाही.

जत्रांचा हंगाम उन्हाळ्यात येतो, याला शेतीचे कारण आहे. रब्बीची पिके निघून खळी उरकलेली असतात, खरिपाच्या पेरणीला अवकाश असतो, धान्य विकून हाती थोडा पैसा आलेला असतो आणि मोकळ्या झालेल्या शिवारात हजारो माणसे रात्रभर बसू शकतात. पावसाची भीती नसल्यामुळे उघड्यावरचा रंगमंच सुरक्षित असतो. शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात आणि कामधंद्यासाठी मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबे ग्रामदैवताच्या यात्रेला गावी परततात. भैरवनाथ, खंडोबा, मारुती, मुक्ताई अशा दैवतांच्या यात्रा तिथीने ठरलेल्या असतात. देवाचा अभिषेक, मांडवडहाळे, पालखीचा छबिना, बैलगाडा शर्यत, कुस्त्यांचा आखाडा आणि रात्रीचा तमाशा हा या भागातील यात्रेचा परिचित क्रम होय. त्यासाठी घरटी वर्गणी काढली जाते, म्हणजेच तमाशाचा खर्च तिकीट काढणारा एकटा प्रेक्षक करीत नाही, तर संपूर्ण गाव मिळून करते.

यात्रेची तिथी बदलता येत नाही, ही गोष्ट राहुटीतील व्यवहाराच्या मुळाशी आहे. चैत्र पौर्णिमेसारख्या दिवशी एकाच वेळी अनेक गावांची यात्रा असते आणि नामवंत फड मात्र मोजकेच असतात. त्यामुळे अशा तिथीची रक्कम चढते आणि मधल्या मोकळ्या दिवसांची उतरते. राहुटीत फडाचा व्यवस्थापक वही घेऊन बसलेला असतो, बाहेर कलावंतांची छायाचित्रे असलेले फलक लावलेले असतात आणि गावकरी एका राहुटीतून दुसरीत जात, दर आणि संच यांची तुलना करीत सौदा ठरवितात. कार्यक्रमाच्या या करारास ‘सुपारी’ म्हणतात आणि तो पक्का करण्यासाठी दिलेल्या आगाऊ रकमेस ‘इसार’ म्हणतात. मोठ्या फडांची सुपारी लाखांच्या घरात जाते. करारात तारीख आणि रक्कम यांबरोबरच नर्तिकांची संख्या, जागेची व्यवस्था आणि दुसऱ्या दिवशीची ‘हजेरी’ यांचाही विचार होतो. हजेरी म्हणजे रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी उजेडी, आखाड्याच्या आधी, गावासमोर सादर केलेला छोटा कार्यक्रम. रात्रभर उभ्या राहिलेल्या कलावंतांना हजेरी आटोपून पुढच्या गावी निघावे लागते, कारण हंगामात लागोपाठच्या रात्री निरनिराळ्या गावांना दिलेल्या असतात.

ही पेठ नारायणगावातच का रुजली, याची दोन कारणे दिसतात. पहिले भौगोलिक आहे. पुणे आणि नाशिक यांना जोडणारा रस्ता गावातून जातो, जवळच्या आळेफाट्यावरून माळशेज घाटामार्गे कल्याणकडे आणि पूर्वेला अहिल्यानगरकडे वाट फुटते. त्यामुळे घाटावरच्या आणि घाटाखालच्या अशा दोन्हीकडच्या यात्रा समित्यांना येथे पोचणे सोयीचे असते. दुसरे कारण परंपरेचे आहे. भाऊ आणि बापू या मांग नारायणगावकर बंधूंच्या फडाने या गावाचे नाव दूरवर नेले आणि भाऊंची कन्या विठाबाई नारायणगावकर हिने त्या नावाला असामान्य प्रतिष्ठा मिळवून दिली. १९३५ मध्ये जन्मलेल्या विठाबाईंना १९५७ आणि १९९० अशा दोन वेळा राष्ट्रपती पुरस्काराने गौरविण्यात आले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासन तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते.

नारायणगावच्या पेठेत ज्याचा व्यवहार होतो तो ‘ढोलकी फडाचा तमाशा’ होय. संगीत बारी हा दुसरा प्रकार त्याहून वेगळा आहे. संगीत बारीत नर्तिका आणि गायिका यांचा लहान संच एका ठिकाणच्या थिएटरात किंवा कला केंद्रात राहून, पेटी आणि ढोलकी-तबल्याच्या साथीने मुख्यतः लावणी सादर करतो, आणि तेथे वग नसतो. ढोलकी फड मात्र फिरता असतो आणि त्याच्या खेळात गणापासून वगापर्यंत सर्व अंगे असतात. फडांमध्येही जे दसऱ्यापासून स्वतःचा तंबू लावून तिकिटावर खेळ करतात ते ‘तंबूचे’ फड आणि जे यात्रांपुरतेच बांधले जातात ते ‘हंगामी’ फड, असा भेद केला जातो.

मोठा फड म्हणजे शंभराहून अधिक माणसांचे चालते गाव असते. फडमालक किंवा मालकीण, व्यवस्थापक, ढोलकीवाला, हलगीवाला, झीलकरी, गायक, नर्तिका, सोंगाड्या, वगातील नट यांच्या जोडीला तंबू आणि रंगमंच उभारणारे मजूर, विजेची आणि ध्वनीची यंत्रणा पाहणारे कामगार, मालमोटारींचे चालक आणि स्वयंपाकी असा हा पसारा असतो. फडाचे वर्ष दसऱ्याला सुरू होते. पावसाळ्यात कलावंतांशी बोलणी होतात, त्यांना पुढील हंगामासाठी ‘उचल’, म्हणजे वेतनातून पुढे वळती करून घ्यावयाची आगाऊ रक्कम, दिली जाते आणि नव्या वगाच्या तालमी होतात. दसऱ्यानंतर तिकिटाचे खेळ सुरू होतात. ते चालले किंवा न चालले तरी पगार, भोजन आणि इंधन यांचा खर्च थांबत नाही. उचलीसाठी मालकाला बहुधा खाजगी कर्ज काढावे लागते आणि ते फिटण्याची खरी आशा चैत्र-वैशाखातील सुपाऱ्यांवर असते. आठ महिन्यांच्या हंगामातील शेवटचे दोन महिने साऱ्या वर्षाचा हिशेब ठरवितात, म्हणून राहुटीतील वहीला फडाच्या जीवनात एवढे महत्त्व आहे.

या व्यवहारातून गावाला मिळणारा खेळ हा एक बांधेसूद रचनेचा नाट्यप्रकार आहे. प्रारंभी ढोलकी आणि हलगी यांची जुगलबंदी होते. हलगी हे कड्यावर कातडे ताणून काडीने वाजविण्याचे वाद्य असून तिचा कडक आवाज आणि ढोलकीचा घुमारा यांच्या चढाओढीतून दूरवर पांगलेला प्रेक्षक रंगमंचाकडे ओढला जातो. मागे उभे असलेले झीलकरी तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने मुख्य गायकाचे सूर उचलून धरतात. पहिले अंग गण, म्हणजे गणपतीचे आवाहन. दुसरे गवळण, मथुरेच्या बाजारी निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवितात, आणि पुरुष नटाने साकारलेली मावशी त्यांच्याशी वाद घालते, तेव्हा पुराणकथेच्या आडून गावातील ताज्या घडामोडींवर भाष्य केले जाते. त्यानंतरच्या बतावणीत सोंगाड्या आणि सरदार यांचे सवाल-जवाब रंगतात आणि रंगबाजीत लावणीनृत्ये येतात. उत्तररात्री सुरू होणारा वग हे अखेरचे आणि सर्वांत मोठे अंग होय. राजा, प्रधान, दरोडेखोर, सावकार, पीडित स्त्री अशा पात्रांमधून तो न्याय-अन्यायाची कथा सांगतो.

जुन्या वगांना पुष्कळदा लिखित संहिता नसे. कथेचा सांगाडा ठरलेला असे आणि संवाद नट ऐन वेळी रचीत. म्हणून हजरजबाबीपणा ही तमाशातील अभिनयाची पहिली कसोटी मानली गेली. सोंगाड्याने गावात पाऊल ठेवल्यावर तेथील सरपंच, पाणी, रस्ता यांची माहिती काढावी आणि रात्री ती विनोदात गुंफावी, ही रीत याच कसोटीतून आली. एकच वग दोन गावांत सारखा होत नाही, याचे कारणही हेच आहे.

या रचनेमागे दीर्घ इतिहास आहे. पेशवाईच्या उत्तरार्धात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर या शाहिरांनी लावणी आणि पोवाडा यांना प्रगल्भ रूप दिले. यांपैकी अनंत फंदी नारायणगावाच्या उत्तरेकडील संगमनेरचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वग तमाशाला जोडला गेला आणि उमाजी सावळजकर यांचा ‘मोहना बटाव’ हा आद्य वग मानला जातो. पुढे पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांनी जातीचा रोष पत्करून फडाशी आयुष्य बांधले आणि पवळाबाईंच्या साथीने तमाशाला मोठा लौकिक मिळवून दिला. तथापि या कलेचा भार प्रामुख्याने महार, मांग आणि कोल्हाटी समाजांतील कलावंतांनी वाहिला, हे विसरून चालणार नाही. ज्यांना गावाच्या देवळात प्रवेश नव्हता, त्यांच्याच कलेवाचून त्या देवाची यात्रा पुरी होत नव्हती, ही विसंगती तमाशाच्या सामाजिक इतिहासाचा गाभा आहे. १९४८ मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली; ती उठल्यानंतरही वगाची संहिता आधी तपासून घेण्याचे बंधन आले. याच काळाच्या आगेमागे अण्णाभाऊ साठे यांनी तमाशाचा साचा घेऊन श्रमिकांच्या प्रश्नांवरची लोकनाट्ये उभी केली आणि या रचनेत किती मोठा आशय मावू शकतो हे दाखवून दिले.

फडाच्या संघटनेत स्त्रियांना मिळालेले स्थान विशेष नोंद घेण्याजोगे आहे. नर्तिका म्हणून आलेल्या स्त्रिया पुढे फडाच्या मालकीण झाल्या, शंभर माणसांचा संसार त्यांनी चालविला आणि राहुटीत बसून सौदेही केले. कांताबाई सातारकर यांनी वगांतून छत्रपती शिवाजी महाराजांसारख्या पुरुष भूमिका गाजविल्या, पती तुकाराम खेडकर यांच्या निधनानंतर मोठ्या हिमतीने स्वतःचा फड उभा केला आणि त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर यांच्यासह तो नावारूपाला आणला. विठाबाईंची कन्या मंगला बनसोडे यांनीही आपल्या फडाद्वारे आईचा वारसा पुढे नेला. त्या काळातील अन्य कोणत्याही ग्रामीण व्यवसायात स्त्रीच्या नावावर एवढा मोठा उद्योग चालल्याची उदाहरणे विरळाच आढळतील.

आज या व्यवस्थेवर सर्वांत मोठा ताण आहे तो वेळेचा. ध्वनिप्रदूषणाविषयीचे केंद्र सरकारचे २००० सालचे नियम आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निर्णय यांमुळे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई आहे. वर्षातील मोजक्याच दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. शांत झोपेचा नागरिकांचा अधिकार निर्विवाद आहे, परंतु या नियमाचा तमाशावर झालेला परिणामही स्पष्टपणे मांडला पाहिजे. छबिना आटोपून, जेवणे उरकून गाव रंगमंचासमोर बसते तेव्हाच रात्रीचे नऊ वाजलेले असतात, आणि उत्तररात्रीचा खेळ तास-दीड तासात बसवायचा झाला की सर्वांत आधी वग कापला जातो. गण-गवळण नावापुरती उरते, चित्रपटगीतांवरील नृत्यांना बहुतेक वेळ दिला जातो आणि मग तमाशा व ऑर्केस्ट्रा यांत भेद उरत नाही. असा भेद पुसल्यावर कमी माणसांत आणि कमी खर्चात होणारे नृत्याचे कार्यक्रम गावाला स्वस्त वाटू लागतात, आणि शंभर माणसांचा फड स्पर्धेत मागे पडतो.

व्यवहाराचा सारा भार दोन महिन्यांवर असण्यातील धोका करोनाच्या काळात उघड झाला. २०२० मध्ये गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशव्यापी टाळेबंदी त्याच दिवसापासून लागू झाली. पुढील वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रात कडक निर्बंध सुरू झाले. सलग दोन वर्षांच्या यात्रा बुडाल्या, उचली देऊन झालेल्या होत्या, कर्जावरचे व्याज चालूच राहिले आणि अनेक कलावंतांना मोलमजुरीकडे वळावे लागले. याच साथीत, मे २०२१ मध्ये, कांताबाई सातारकर यांचेही निधन झाले.

तमाशाला पुरस्कार, महोत्सव आणि अनुदाने मिळतात आणि ती मिळायलाच हवीत; पण वर्षातून एकदा होणारा गौरव फडाचे कर्ज फेडू शकत नाही, आणि दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळविणाऱ्या विठाबाईंची अखेरची वर्षेही आर्थिक विवंचनेत गेली, हा इतिहास समोर आहे. फडमालकांना हंगामापूर्वी माफक व्याजाने संस्थात्मक कर्ज मिळावे, कलावंतांना विमा आणि निवृत्तिवेतन यांचे संरक्षण असावे, आणि सवलतीच्या रात्री ठरविताना जिल्हा प्रशासनाने चैत्र-वैशाखातील यात्रांचा विचार करावा, या मागण्या कलेच्या जगण्याशी थेट निगडित आहेत. यात्रा समित्यांच्या हाती मात्र याहून सोपा उपाय आहे आणि त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. राहुटीत सुपारी देताना नर्तिकांची संख्या जशी आग्रहाने विचारली जाते, तशीच वगाची अटही करारात लिहून घ्यावी आणि खेळ दिवेलागणीला सुरू करून त्या वगाला पुरेसा वेळ द्यावा. तमाशाचा आश्रयदाता गावच आहे. त्यामुळे गाव जे मागेल तेच पुढील पिढीपर्यंत टिकेल.