‘तू मोठी आहेस ना!’

दोन मुलांच्या घरात दिवसातून दहा वेळा ऐकू येणारं हे वाक्य. मला ते अजिबात पटत नाही. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला विशी उलटावी लागते. आठव्या वर्षी कसलं आलंय मोठेपण?

आमची लेक ८ वर्षांची, धाकटा ४. त्याचा सध्याचा लाडका उद्योग म्हणजे ताईचा शब्दन् शब्द परत बोलणं. ‘गप्प बस!’ ‘गप्प बस!’ ‘आईला सांगीन!’ ‘आईला सांगीन!’ बॉससमोर थंड डोक्याने बसणारा माणूसही पाच मिनिटांत भडकेल, हो की नाही?

ॲडेल फेबर आणि एलेन मॅझ्लिश यांचं ‘सिब्लिंग्ज विदाउट रायव्हलरी’ हे १९८७चं पुस्तक सांगतं, आधी मुलाचा राग मान्य करा. ‘सुरुवात कोणी केली?’ हा प्रश्न म्हणूनच आमच्याकडे बंद. ‘सारखी नक्कल केली की वैताग येतो ना?’ एवढ्यानेच तिचे खांदे सैल पडतात.

मग फुंकर! दहापर्यंत आकडे मोजणं आमच्याकडे फेल गेलं, कारण धाकटाही सोबत मोजायला लागला. त्यापेक्षा गरम वरणभातावर घालतो तशी लांब, सावकाश फुंकर. श्वास हळू सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात. पण ही प्रॅक्टिस रोज जेवताना, सगळे खुशीत असताना. ऐन भांडणात शिकवायला जाणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. एकदा फुंकर घालून झाल्यावर लेकीलाच सुचलं आणि ती म्हणाली, ‘मी माकड आहे.’ धाकट्याची नक्कल तिथेच थांबली!

तरीही नाहीच जमलं, तर उठून बाल्कनीत जायची मुभा. तिथलं स्टूल फक्त तिचं, धाकट्याला नो एंट्री. उठून जाणं म्हणजे हरणं नव्हे, हे तिला पटायला दोन आठवडे लागले. हात उचलायचा नाही, हा नियम मात्र दोघांनाही सारखा.

आणि धाकट्याचं काय? त्याला भांडण नको असतं, ताई हवी असते. म्हणून होमवर्क झाला की १० मिनिटं ती त्याच्याशी खेळते. खेळ तो निवडतो, घड्याळ ती बघते. त्या वेळात मी कुकर लावून घेते.