भाड्याचे घर आणि गहाणाचा धसका

सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली, कर्जरोखे जाळले. तो वणवा इंदापूरकडेही पसरला. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. गहाण या शब्दाचा धसका या मुलखाने तेव्हापासून घेतलेला आहे. उसाचे बिल हाती पडताच बँकेचे कर्ज फेडून मोकळे व्हावे, असे येथील माणसास वाटले तर नवल नाही.

परंतु आजचे ऋण निराळ्या जातीचे आहे. बारामतीस औद्योगिक वसाहत झाली, महाविद्यालये वाढली. कालव्यावरच्या बागाईतदारांनी कर्ज काढून घेतलेल्या सदनिका भाड्याने जाऊ लागल्या. हे कर्ज मुदतीपूर्वी फेडावे काय, असे विचारताच 'व्याजावर करसवलत आहे, घाई कशाला?' असे ठरीव उत्तर मिळते. ते हिशेबाला कितपत उतरते?

समजा, कर्ज २० लाखांचे, व्याज ९ टक्के, मुदत १५ वर्षे. हप्ता सुमारे २०,२८५ रुपये. पाच वर्षांत १२ लाखांवर रक्कम भरूनही मुद्दल १६ लाख उरतेच! सहाव्या वर्षाचे व्याज १ लाख ४० हजारांच्या घरात जाते. भाडे महिना १२ हजार धरले, तर ३० टक्क्यांची वजावट जाता करपात्र भाडे १,००,८०० रुपये. नव्या करपद्धतीत त्यावरचे व्याज इतर उत्पन्नातून वजा होत नाही. म्हणजे सुमारे ३९ हजारांचे व्याज त्या वर्षी करात काहीच देत नाही. येथे ४ लाख आगाऊ भरले, तरी उरलेले व्याज भाड्यावरील कर पुसण्यास पुरते. हप्ता तोच ठेवल्यास ४१ हप्ते वाचतात. जुन्या पद्धतीत दोन लाखांपर्यंतचा तोटा इतर उत्पन्नातून वजा करता येतो, तेथे घाई कमी. ज्याचे बहुतेक उत्पन्न शेतीचे, म्हणजे करमुक्तच, त्याला तर ही सवलत नावापुरतीच. सवलतीचे गोडवे गाणारे हे सहसा सांगत नाहीत.

तरीही सारी पुंजी बँकेत ओतणे आमच्या मते धोक्याचे. खोली रिकामी राहते, उसाचे पैसे लांबतात, जिराईत पट्ट्यात पाऊस दगा देतो. भिंतींत गाडलेला पैसा अशा वेळी सहजी परत निघत नाही. निदान सहा महिन्यांचे हप्ते हाताशी ठेवावेत; सोनेतारण वा हातउसने महाग कर्ज आधी फेडावे. मुदतीचे पीककर्ज व्याजसवलतीमुळे स्वस्त पडते, ते वेळेवर भरले की पुरे. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना मनाई केली आहे. तेव्हा थोडे थोडे भरण्यास आडकाठी नाही. मात्र हप्ता नव्हे, मुदत कमी करा, असे लेखी द्यावे.

कर्ज पुरते फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळावीत. बँकेकडून विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कागद आले, तरी सातबाऱ्यावरचा वा मिळकत पत्रिकेवरचा बोजा आपोआप उतरेल, असे मात्र समजू नये. बँकेचा दाखला घेऊन अर्ज करावा आणि नवा उतारा हाती पडेपर्यंत कचेरीच्या खेपा घालाव्यात.