मजुरी नव्हे, कृपा

ख्रिस्ती जीवनाची ओळख : लेखांक सहावा

नारायणगडाच्या परिसरात वाढलेल्या माणसाला कृपा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. नगद नारायण महाराजांच्या या गडाला धाकटी पंढरी म्हणतात. आषाढी एकादशीला इथे भाविकांची रीघ लागते. संत भगवानबाबा याच गडावर घडले आणि पुढे त्यांनी भगवानगड उभा केला. गुरूची कृपा, गुरूची आज्ञा, गळ्यातली माळ आणि ती घातल्यावर पाळायची पथ्ये हे सगळे बीड जिल्ह्यातल्या घराघरांत रोजच्या बोलण्यातले आहे. त्यामुळे ख्रिस्ती जीवनातला आजचा विषय इथल्या वाचकाला परका वाटू नये. गेल्या आठवड्यात आपण विश्वासाविषयी बोललो. आज देवाची कृपा आणि माणसाचे आज्ञापालन. यांत आधी काय, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध काय?

बायबलचे उत्तर सरळ आहे : कृपा आधी. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात नोहावर देवाची कृपादृष्टी झाल्याचे आधी सांगितले आहे, तारू बांधण्याची आज्ञा नंतर येते आणि ती त्याने तंतोतंत पाळल्याचे अध्यायाच्या शेवटी येते. निर्गमच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञा आहेत, पण पहिल्या आज्ञेच्याही आधी देव आठवण देतो की, मिसरच्या गुलामगिरीतून मी तुम्हाला अगोदरच सोडवले आहे. आज्ञा पाळा मग सोडवीन, असा तो सौदा नाही. पौलाने इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच आणखी स्पष्ट होते. तारण कृपेने मिळते, कर्माने नाही, म्हणून कुणी फुशारकी मारू नये, असे तो म्हणतो. आणि लगेच पुढच्या वचनात सांगतो की, आपल्याला घडवले आहे ते सत्कर्मांसाठीच. ही वचने एकमेकांना लागून आहेत. दुर्दैवाने पुष्कळ लोक यांतले एकच उचलतात. कुणी कृपेवर हवाला ठेवून हातपाय हलवत नाही, तर कुणी कर्माचा हिशेब मांडून देवाकडे थकबाकी मागत बसतो.

बीडच्या वाचकासाठी मी हे त्याच्या ओळखीच्या व्यवहारातून सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल. पैसे आधी हातात येतात हे खरे, पण हंगामभर तोडलेला प्रत्येक टन त्या उचलीच्या फेडीत जातो. फड संपला तरी बाकी फिटली नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते. पुष्कळ ख्रिस्ती माणसे, आणि ख्रिस्ती नसलेले भाविकही, देवाची कृपा या उचलीसारखी समजतात : आधी मिळाली, आता जन्मभर राबून फेडायची, आणि फेडीत चूक झाली तर देव हिशेबाला बसणार. येशूच्या शिकवणीतली कृपा अशी नाही. तिच्यावर बाकी निघत नाही. आज्ञा पाळायची ती फेड म्हणून नाही; ज्याने आपल्याला मुलाचा मान दिला, त्याच्या घरात मुलासारखे वागायचे म्हणून पाळायची.

हा फरक नीट पाहायचा असेल तर लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला थोरला भाऊ पाहावा. धाकटा उधळ्या मुलगा सगळ्यांच्या लक्षात राहतो, मला मात्र नेहमी थोरल्याचीच जास्त काळजी वाटते. तो घर सोडून गेला नाही, बापाचा एकही शब्द त्याने मोडला नाही, आणि तरी शेतावरून परतल्यावर घरातले गाणेबजावणे ऐकून तो दारातच अडून बसतो. इतकी वर्षे मी राबलो, मला कधी करडूदेखील दिले नाही, अशी त्याची तक्रार. इतकी वर्षे घरात राहून तो मनाने गडीच राहिला होता. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि जे माझे ते सगळे तुझेच आहे, याची आठवण देतो. आज्ञापालन आहे पण कृपेची ओळख नाही, अशा माणसाचे काय होते ते इथे दिसते : तो कडवट होतो आणि दुसऱ्यावरची कृपा त्याला सहन होत नाही. चर्चमध्ये वर्षानुवर्षे पहिल्या बाकावर बसणाऱ्यांनी हा उतारा स्वतःसाठी वाचावा.

याच्याच जोडीची दुसरी चूक अलीकडे फार बोकाळली आहे. देवाची कृपा म्हणजे भरभराट. घर झाले, गाडी आली, आजार बरा झाला, म्हणजे देव प्रसन्न. मग ज्याचे पीक करपले त्याच्यावर देव रुसला, असेच म्हणावे लागेल. दुष्काळ पाहिलेल्या जिल्ह्यात असे बोलणे मला निर्दयपणाचे वाटते. येशूने तर मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगून ठेवले आहे की, देव पाऊस पाडतो तो नीतिमानाच्या शेतावर आणि अनीतिमानाच्या शेतावर सारखाच. पावसाच्या आकड्यांवरून कुणाची पुण्याई मोजण्याची वाटच त्याने बंद केली.

दुष्काळ आणि कृपा हे नाते महाराष्ट्रात एका बाईइतके खोलवर क्वचितच कुणी जगले असेल. पंडिता रमाबाई. जन्म 1858. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले, त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला आणि कुटुंबाला घेऊन तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत देशभर फिरले. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण उपासमारीने गेले. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले आहे की, या कुटुंबाने शास्त्राने सांगितलेले सर्व काही केले होते; उपास, दानधर्म, तीर्थस्नाने, कशातच कसूर ठेवली नव्हती. एवढे करूनही देव आपल्यावर प्रसन्न का झाला नाही, हा प्रश्न त्या मुलीने मनात घेऊन भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर हजारो मैल पायी तुडवले. 1878 मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या तेव्हाही तो प्रश्न सुटलेला नव्हता.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथेही उत्तर लगेच मिळाले नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ख्रिस्त अजून आपल्याला सापडलेला नाही; धर्म बदलला, पण देवाला आपल्या कर्मांनी प्रसन्न करून घ्यायची जुनी धडपड तशीच चालू आहे. रमाबाईंच्या आयुष्यातली ही गोष्ट मला बाप्तिस्म्याहूनही मोठी वाटते. माणूस एका दिवसात धर्मांतर करू शकतो. कृपा फुकट आहे हे पटायला मात्र त्यांच्यासारख्या बुद्धिमान बाईलाही वर्षे लागली.

आणि पटल्यावर त्या काय करू लागल्या ते पाहा. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंचे शारदासदन तेव्हा पुण्यात होते आणि ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी चालवलेले. दुष्काळातल्या शेकडो मुलींची सोय त्यात नव्हती. रमाबाई तरीही निघाल्या, मदत-छावण्यांतून फिरल्या आणि हाडे उरलेल्या मुलींना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग होता, सरकारी निर्बंध होते, म्हणून केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर या मुलींना नेले. तिथे मुक्तिसदन उभे राहिले. पुढच्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि 1900च्या सुमारास तिथे सुमारे दीड हजार जीव राहत होते. विहिरी, शेती, हातमाग, तेलघाणा, छापखाना हे सगळे बायकांच्या हातात. समाजाने ज्यांना दार बंद केले होते अशा अत्याचारित स्त्रियांसाठी वेगळे घर होते, त्याचे नाव कृपासदन. लायकी सिद्ध करून मग आत या, असे तिथे कुणाला सांगितले जात नव्हते. ज्या बाईला स्वतःच्या दुष्काळात कुणी वाचवायला आले नव्हते, ती दुसऱ्यांच्या दुष्काळात धावून गेली. आज्ञापालन म्हणतात ते हे.

याच बाईंच्या आयुष्यात आज्ञापालनाची आणखी एक बाजू दिसते, आणि ती आजच्या मंडळ्यांना अडचणीची वाटेल. आज्ञा पाळायची खरी, पण कुणाची? 1885 मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात होत्या. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्याला भारतातल्या बिशपांनी आक्षेप घेतला. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांची अपेक्षा, रमाबाईंनी चर्चच्या वडीलधाऱ्यांचे मुकाट्याने ऐकावे. रमाबाईंनी पत्रातून ठाम उत्तर दिले की, मला सदसद्विवेकबुद्धी आहे आणि मी देवाच्या वचनाला बांधलेली आहे, पुरोहितांच्या प्रत्येक शब्दाला नाही. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत मान अडकवायची त्यांची तयारी नव्हती. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. मला तो वाटत नाही. जी बाई बिशपांपुढे वाकली नाही, तीच पुढे दुष्काळातल्या मुलींसाठी देवाचे बोलावणे ऐकून निघाली. देवाची आज्ञा आणि अधिकाऱ्याचा हुकूम यांतला फरक तिला कळत होता.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचेही असेच झाले. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यापायी पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षे ताटातूट सोसली. पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये बरीच वर्षे काम केल्यावर 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला गेले आणि देवाचा दरबार ही कल्पना प्रत्यक्षात आणायला निघाले : बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताभोवती एकत्र आणणारी भक्तमंडळी. 1919 मध्ये ते गेले, दरबार अपुरा राहिला. फळ दिसले नाही म्हणून त्यांनी पाळलेली आज्ञा खोटी ठरत नाही.

मराठवाड्यातलेच उदाहरण हवे असेल तर नारायण शेषाद्री. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांच्या ताब्यात दिले आणि त्याला पुन्हा जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली, हा वाद त्या काळी फार गाजला. नारायणराव मात्र परतले नाहीत. निजामाच्या राज्यात जालन्याला येऊन त्यांनी मातंग समाजात काम केले आणि जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले. जन्माने ब्राह्मण असलेला माणूस गावकुसाबाहेरच्या लोकांत राहायला गेला, तोही एकोणिसाव्या शतकात. देवासमोर कुणाचीच मिळकत नसते हे एकदा मान्य केले, की जातीची मिळकतही हातातून सुटते.

रमाबाईंनी शेवटची वर्षे बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या छापखान्यात मुलींनीच खिळे जुळवले, छपाई केली. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या तेव्हा साध्या मराठीतले ते भाषांतर पुरे झाले होते. 1924 मध्ये ते प्रसिद्ध झाले.

पुढच्या आठवड्यात प्रार्थनेविषयी. तोवर वाचकांनी लूकचा पंधरावा अध्याय आणि इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय सलग वाचावा, आणि पुणे-दौंड मार्गाने जाणे झाले तर केडगावला उतरून मुक्ती मिशन पाहून यावे. ते काम आजही चालू आहे.