व्यायामाची गोडी

“दिवस कासराभर वर आला तरी पोरगं अंथरुणातच! आमच्या वेळी असं नव्हतं.” असं आपण म्हणतो. ते खरंही आहे. तुम्ही पाण्याच्या खेपा घातल्या, गुरांमागं धावलात, शाळेला पायी गेलात. तोच तुमचा व्यायाम झाला. आता नळ दारात आला. शाळेला एस. टी. आली. हातात मोबाईल आला. सोय झाली, पण अंग हलेनासं झालं.

तेरा ते अठरा हे वय मोलाचं. या वयात हाडं भरतात, अंगात बळ येतं. या वयात लागलेली सवय पुढं कामी येते. अंग हललं नाही, तर पुढं रक्तदाब आणि मधुमेह लवकर गाठतात. हे रोग आता खेड्यांतही आले आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम वाढेल अशी हालचाल करावी. खेळ, सायकल, भरभर चालणं, सारं त्यात आलं.

मग सवय लावायची कशी?

सातारा जिल्ह्यात औंध गाव आहे. तिथल्या संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१). त्यांनी आपल्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. पण ते स्वतःही रोज नमस्कार घालीत. यातच सारं आलं. आपण बाजेवर बसून “पळ” म्हटलं, तर पोर पळत नाही. आपण उठलो, तर तेही उठतं.

सुरुवात थोडक्यात करा. सकाळी दात घासले, की पाच नमस्कार. दर आठवड्याला एक वाढवा. सात आठवड्यांत बारा होतील. संध्याकाळी कबड्डी, खो-खो, लंगडी, ज्याला जे आवडेल ते. मुलींनाही खेळू द्या. त्यांचीही हाडं बळकट व्हायला हवीत.

एक गोष्ट मात्र टाळा. चूक झाली म्हणून उठाबशा काढायला लावू नका. शिक्षा म्हणून केलेला व्यायाम मुलांच्या मनातून उतरतो. एखादा दिवस चुकला, तर रागावू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारा. जेवल्याबरोबर व्यायाम नको. दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेत वाटून देता येतं, घर नावावर करता येतं. निरोगी शरीर तसं देता येत नाही. त्याची सवय तेवढी लावता येते. उद्या पहाटे पोराला हाक मारा, आणि त्याच्या शेजारी उभे राहा.