तारीख उलटली, पुढे काय?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवले की डॉक्टरांची तारीख निघते. 280 दिवसांचा हा हिशोब जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ओळखला जातो आणि एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. पाळी 28 दिवसांनी येते, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. जिची पाळी 35 दिवसांनी येते तिला गर्भ साधारण आठवडाभर उशिरा राहतो, म्हणजे तिची तारीखही तेवढीच पुढे सरकायला हवी. पण फाईलवर लिहिलेला आकडा घरात पक्का होऊन बसतो. नवऱ्याची रजा, सासूबाईंचं येणं, बाळंतिणीच्या खोलीची तयारी, सगळं त्याच्याभोवती ठरतं, आणि तो दिवस गेला की 'अजून काहीच नाही?' असे फोन सुरू होतात. प्रत्यक्षात नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात. शेवटच्या आठवड्यांतले बरेचसे गैरसमज इथूनच निघतात, असं मला वाटतं. अंदाजाला आपण मुदत समजतो, आणि ज्या खुणांकडे डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं त्या 'आता असंच होणार' म्हणून सोडून देतो.

'सोनोग्राफीने तारीख बदलली' हा त्यातलाच एक घोळ. पहिल्या तीन महिन्यांत सगळ्या गर्भांची वाढ जवळपास सारख्या वेगाने होते, त्यामुळे त्या वेळच्या मापावरून काढलेली तारीख फार तर पाच-सात दिवसांनी चुकते. नवव्या महिन्यात मात्र एक बाळ अंगाने भरलेलं तर दुसरं बारीक चणीचं, आणि यंत्र डोक्याचा घेर नि मांडीच्या हाडाची लांबी मोजून वय सांगतं. तेव्हाचा अंदाज तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतो. म्हणून शेवटच्या रिपोर्टवर नवी तारीख छापून आली तरी डॉक्टर पहिल्या सोनोग्राफीचीच धरून चालतात. तो पहिला कागद जपून ठेवावा.

मुदतीच्या या कल्पनेतून घाई जन्मते. नववा लागला, बाळ तयार झालं, मग चांगला मुहूर्त पाहून सिझेरियन का करू नये, असा प्रश्न आता सर्रास विचारला जातो. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात 21.5 टक्के बाळं सिझेरियनने जन्मली. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण 14.3 टक्के होतं, खासगीत 47.4 टक्के. यातली किती मुहूर्तामुळे, हे आकडे सांगत नाहीत. पण 37 आठवडे म्हणजे पूर्ण दिवस, ही समजूत वैद्यकशास्त्राने केव्हाच सुधारली आहे. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली 39 आठवड्यांनंतरच्याच बाळाला पूर्ण दिवसांचं म्हणायचं ठरवलं, कारण 37-38व्या आठवड्यात कळांशिवाय बाहेर काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो. पस्तिसाव्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या दोन तृतीयांशच असतं. हाच हिशोब लावला तर सातव्या महिन्यातलं मूल जगतं आणि आठव्यातलं नाही, ही समजूतही टिकत नाही. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही ती आहे, म्हणजे ती फक्त आपलीच नाही. पण पोटात गेलेला प्रत्येक आठवडा बाळाची जगण्याची शक्यता वाढवतो.

यावर कोणी म्हणेल, की मग 39 आठवडे झाल्यावर कळा आणवून मोकळं का होऊ नये? आक्षेप रास्त आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, धोका नसलेल्या पहिलटकरणींना 39व्या आठवड्यात कळा आणवल्या, तेव्हा त्यांच्यात सिझेरियनचं प्रमाण 18.6 टक्के राहिलं. वाट पाहणाऱ्यांत ते 22.2 टक्के होतं. म्हणजे डॉक्टरांशी बोलून तसं ठरवण्यात गैर काही नाही. उलट टोकाचा हट्टही चुकीचा. 'पिकलं की आपोआप पडेल' म्हणत कितीही थांबता येत नाही. स्वीडनमध्ये 41 आणि 42 आठवड्यांची तुलना करणारी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळं दगावली आणि दुसऱ्या गटात एकही नाही. जागतिक आरोग्य संघटनाही 41 आठवडे पूर्ण झाले की कळा आणवण्याची शिफारस करते.

सगळ्यात घातक गैरसमज मात्र तारखेबद्दलचा नाही. 'दिवस भरत आले की बाळाला जागा उरत नाही, म्हणून ते शांत होतं' हे वाक्य घरोघरी धीर देण्यासाठी वापरलं जातं. जागा कमी होते हे खरं. त्यामुळे उसळी मारणं जाऊन वळवळणं, सरकणं, ढुशी देणं जाणवू लागतं. पण हालचाल कमी होत नाही, कळा सुरू होईपर्यंतही नाही. रोजच्यापेक्षा ती मंदावली असेल तर गार पाणी पिऊन, गोड खाऊन, सकाळ होऊ दे म्हणून थांबण्यात वेळ जातो. पायांवरच्या सुजेचंही तसंच. ती बहुतेकींना येते, पण सोबत न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बरगडीखाली दुखणं असेल, तर रक्तदाब त्याच दिवशी तपासायला हवा.

बाकीच्या गोष्टी इतक्या गंभीर नाहीत. पाणमोट फुटली की मगच कळा, हे सिनेमातलं. दहातल्या नऊजणींना आधी कळा येतात. पाणी आधी गेलं तर मात्र कळांची वाट न पाहता निघावं, आणि ते हिरवट असेल तर क्षणाचाही उशीर नको. चालल्यावर किंवा कूस बदलल्यावर थांबतात त्या खोट्या कळा. खऱ्या कळा जवळजवळ येत जातात आणि जोर धरतात. नाळेचा वेढा चारपाच बाळांमागे एकाला असतो, तेवढ्यावरून सिझेरियन ठरत नाही. तुपाने वाट गुळगुळीत होत नाही, कारण पोटात गेलेलं तूप आतड्यात जातं, गर्भाशयाच्या वाटेला नाही. एरंडेलाने जुलाब आणि अशक्तपणा मात्र नक्की येतो, तोही ऐन ताकद लागायच्या वेळी.

'आमच्या वेळी हे काही नव्हतं, तरी पाच-पाच मुलं झाली,' असं म्हणणाऱ्या आज्या खोटं बोलत नाहीत. पण ज्या वाचल्या त्यांचीच आठवण घरात उरते. 1997-98मध्ये देशात दर लाख जिवंत जन्मांमागे 398 माता दगावत. 2018-20मध्ये ही संख्या 97वर आली. महाराष्ट्रात ती तेव्हा 33 होती. तेव्हा रात्रीचे दोन वाजले असले तरी हालचाल मंदावली, रक्त गेलं किंवा पाणी गेलं, तर दवाखाना गाठा. गाडी नसेल तर 108 लावा. राज्यात ती रुग्णवाहिका मोफत येते.